गृहिणीची पेन्शन: नवऱ्याच्या नावामागे काय, स्वतःच्या नावावर काय

सरळ उत्तर आधी सांगून टाकते. घर सांभाळलं, पोरं वाढवली, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं काढलं, म्हणून साठीनंतर पेन्शन देणारा कुठलाही कायदा आपल्या देशात नाही. पेन्शन मिळते ती पगारातून कापलेल्या किंवा स्वतः भरलेल्या पैशांवर. घरकामाला पगार नाही, त्यामुळे कापायलाही काही नाही. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, त्याला वाढवणाऱ्या पालकाच्या पेन्शन खात्यात तीन वर्षांची भर घातली जाते. अमेरिकेत कधीच नोकरी न केलेल्या बायकोलाही, नवरा हयात असतानाच, त्याच्या पेन्शनीच्या निम्म्यापर्यंत रक्कम वेगळी मिळू शकते. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

आपल्या न्यायालयांना मात्र या कामाची किंमत करता येते. ती करायची वेळ येते बाई अपघातात गेल्यावर, नुकसानभरपाईच्या दाव्यात. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका निकालात गृहिणीचं मानीव (म्हणजे कामाची किंमत ठरवून गृहीत धरलेलं) उत्पन्न धरलंच पाहिजे असं बजावलं आणि २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला: जवळपास १६ कोटी बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम सांगितलं होतं, तर तसं सांगणारे पुरुष ५८ लाखांच्या आतबाहेर. म्हणजे मेल्यावर हिशोब होतो, जिवंतपणी होत नाही.

मग गृहिणीच्या म्हातारपणी पैसा येतो कुठून? नवऱ्याच्या पेन्शनीतून, स्वतःच्या नावावरच्या बचतीतून, नाहीतर सरकारच्या निराधार योजनेतून. सगळ्यांची भिस्त पहिल्यावर असते, म्हणून आधी तीच तपासून पाहू.

नवऱ्याची पेन्शन किती आणि कुणाला

नाशिकमध्ये एकाच गल्लीत या बाबतीत चार तऱ्हा दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले असतील तर त्यांना जुनी पेन्शन. त्यांच्या माघारी पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं: सुरुवातीची काही वर्षं वाढीव दराने, नंतर साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता. गृहिणीसाठी आपल्याकडे यापेक्षा भक्कम आधार दुसरा नाही. पण अशी घरं दरवर्षी कमी होत चालली आहेत.

दुसरी तऱ्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली आणि एसटीतली. इथे लागू असते ती १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची ‘ईपीएस-९५’, म्हणजे पीएफला जोडलेली कर्मचारी पेन्शन योजना. मालकाच्या पीएफ हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के या पेन्शन फंडात जातात, पण २०१४ पासून पगार कितीही असला तरी हिशोबाला धरतात फक्त १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,२५०. त्याआधी ही मर्यादा ६,५०० होती. सूत्र सोपं आहे: धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आता १९९५ च्या अखेरीस अंबडमध्ये लागलेला आणि तीस वर्षं काढून ५८ व्या वर्षी बाहेर पडलेला कामगार घ्या. निवृत्त होताना त्याचा पगार पन्नास हजार असो की साठ, जुनी वर्षं जुन्या मर्यादेने आणि नवी नव्या मर्यादेने मोजली की पेन्शन बसते साडेचार हजारांच्या आसपास. तो गेला की बायकोला त्याच्या निम्मी, म्हणजे सव्वादोन हजार. तळाची हमी आहे १,००० रुपयांची. पेन्शनर मंडळी किमान साडेसात हजारांसाठी मोर्चे का काढतात, ते या आकड्यांवरून कळावं.

एक बाब मात्र बहुतेक घरांत माहीत नसते. या पेन्शनला एरवी किमान दहा वर्षं नोकरीची अट असते, पण नवरा नोकरीत असतानाच गेला, तर ती लागत नाही. एका महिन्याचं योगदान जमा झालेलं असलं तरी पत्नीला मासिक पेन्शन सुरू होते, आणि तिच्या रकमेच्या २५ टक्के प्रत्येकी अशी दोन मुलांना वयाच्या पंचविशीपर्यंत. शिवाय पीएफची शिल्लक आणि ईडीएलआय या विम्याचे सात लाखांपर्यंतचे पैसे वेगळे. दुःखाच्या महिन्यात पीएफचे पैसे येतात, घरातले ते घेतात, आणि पेन्शनचा अर्ज राहून जातो. हे पैसे मागितल्याशिवाय मिळत नाहीत. १०-डी नावाचा अर्ज भरावा लागतो.

तो अर्ज भरताना जे अडतं ते आपल्या मराठी घरांतलं खास दुखणं आहे. लग्नात बाईचं आडनावच नाही, कधीकधी पाळण्यातलं नावही बदलतं. दहावीच्या दाखल्यावर ती ‘सुनंदा रामदास’, आधारवर ‘स्नेहल प्रकाश’, बँकेत ‘सौ. स्नेहल पी.’, आणि नवऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीत भरलेल्या कागदावर घरातलं लाडाचं नाव. तिला ओळखणारी सगळी गल्ली साक्षीला उभी राहील, पण संगणकाला ती चार वेगळ्या बायका दिसतात. यावर उपाय आहे. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढा, नाव पूर्णपणे बदललं असेल तर राजपत्रात नोंद करा, मग आधार, पॅन, बँक आणि नवऱ्याच्या पीएफ खात्यातलं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. नवरा हयात असताना हे काम दोन-तीन चकरांत होतं. नंतर करायचं तर वर्ष जाऊ शकतं.

त्याच ओघात नॉमिनेशनही बघा. लग्नाआधी नोकरीला लागलेला मुलगा पीएफला आई-वडिलांचं नाव लावतो. लग्न झालं की ते नॉमिनेशन कायद्याने रद्द धरलं जातं आणि नव्याने भरावं लागतं. किती जण भरतात? यूएएनने (पीएफ खात्याच्या कायमच्या क्रमांकाने) लॉगिन करून ई-नॉमिनेशन करायला अर्धा तास पुरतो. बायकोचं आधार आणि फोटो जवळ हवा.

हे सगळे नियम नवऱ्यालाही तसेच लागू आहेत. बायको नोकरीला आणि बाप घरी मुलं सांभाळतो अशी घरं गंगापूर रोडला आणि इंदिरानगरातही आता दिसतात. ईपीएसमध्ये विधवेला जे मिळतं तेच विधुराला मिळतं. फक्त त्याला कुणी ‘गृहिणी’ म्हणत नाही, एवढंच.

राहिल्या दोन तऱ्हा: मेन रोडचा दुकानदार, रिक्षावाला, प्लंबर ही एक, आणि निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी ही दुसरी. यांना स्वतःलाच पेन्शन नाही, त्यामुळे माघारी बायकोला मिळणार काय? तिथे तिच्या नावावर काय आहे, हाच प्रश्न उरतो.

आधी स्वतःचा जुना पीएफ शोधा

आज गृहिणी असलेल्या कितीतरी बायकांनी लग्नाआधी किंवा पहिलं मूल होईपर्यंत नोकरी केलेली असते. कुणी अंबडच्या एखाद्या युनिटमध्ये पॅकिंगला, कुणी खासगी दवाखान्यात, कुणी कॉल सेंटरला. तेव्हा पगारातून पीएफ कापला गेला होता का, हे जुन्या पगारपत्रकावर बघा. नोकरी दहा वर्षं भरली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन तुमच्या हक्काची, मग मधली वीस वर्षं घरी असलात तरी. दहा भरली नसतील तर पेन्शन फंडातले पैसे काढून घेता येतात, किंवा ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेऊन ती वर्षं राखून ठेवता येतात. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी धरायचा विचार असेल तर माझं मत सर्टिफिकेटच्या बाजूचं आहे. सहा वर्षं आधीची आणि चार नंतरची मिळून दहा होतात. पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पंधराशे रुपयांत काय होतं

‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये जुलै २०२४ पासून अनेक घरांत येतात. ही पेन्शन नव्हे. वयाची अट २१ ते ६५ आहे. म्हणजे म्हातारपण खरं सुरू होतं तेव्हाच ती थांबते. पण त्याच पैशांतून पेन्शन विकत घेता येते.

त्यासाठी सर्वांत सोपी अटल पेन्शन योजना. २०१५ साली सुरू झाली. वय १८ ते ४०, बचत खातं हवं, आणि अर्जदार स्वतः आयकर भरणारी नसावी. ही शेवटची अट ऑक्टोबर २०२२ पासूनची आणि ती बाईपुरती आहे; नवरा कर भरत असला तरी अडत नाही. साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपयांची हमी, जितका हप्ता त्या प्रमाणात. ५,००० ची पेन्शन हवी असेल तर तिसाव्या वर्षी सुरू करणारीला महिन्याला ५७७ रुपये पडतात, पस्तिसाव्या वर्षी ९०२, आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. म्हणजे अगदी शेवटच्या वर्षी आलेलीचाही हप्ता त्या पंधराशेत बसतो. ती गेल्यावर तीच पेन्शन नवऱ्याला, आणि दोघांनंतर वारसाला साडेआठ लाख.

यातली खोट सांगायला हवी. पाच हजार हे पाच हजारच राहतात, त्यांना महागाई भत्ता नाही. पस्तिशीतल्या बाईला ते पंचवीस वर्षांनी मिळणार. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर त्या दिवशी त्यांची किंमत आजच्या साधारण अकरा-बाराशे रुपयांइतकी. गॅस, वीज आणि औषधांचा थोडाफार भार निघेल, घर चालणार नाही. म्हणून अटल घ्या, पण ती घेतली म्हणून थांबू नका. आणि मध्येच बंद करायची वेळ आली तर आपण भरलेले पैसे आणि त्यावरची कमाई, खर्च वजा जाऊन, तेवढंच परत मिळतं.

घरबसल्या पापड-कुरडया करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या बाईचं उत्पन्न महिन्याला १५,००० च्या आत असेल तर ती असंघटित कामगारात मोडते. तिच्यासाठी २०१९ पासूनची श्रमयोगी मानधन योजना आहे: वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये तिचे, तेवढेच सरकारचे, साठीनंतर ३,००० पेन्शन. वयाची अट इथेही चाळीसपर्यंतच.

चाळिशी उलटली असेल तर एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. नोकरी हवी असा काही नियम नाही, गृहिणीला स्वतःच्या नावाने खातं उघडता येतं. पैसे शेअर बाजारात आणि रोख्यांत गुंततात, त्यामुळे हमी नाही, पण लांबच्या पल्ल्यात महागाईशी टक्कर द्यायची ताकद आहे. साठीला काही हिस्सा एकरकमी हातात येतो आणि उरलेल्यातून विमा कंपनीकडून पेन्शन घ्यावी लागते. हे प्रमाण सरकार बदलत आलंय, तेव्हा निघायच्या वर्षी काय नियम आहे तो बघावा. पेन्शन घेताना ‘पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत’ हा पर्याय निवडला नाही तर मागे राहणाऱ्याला पेन्शन मिळत नाही. फॉर्मवरची एक टिक, पण ती टिक करतो बहुतेक एजंट.

बाजाराची धास्ती असेल तर पीपीएफ, म्हणजे पोस्टात किंवा बँकेत उघडायचं सरकारी बचत खातं. पंधरा वर्षांची मुदत, २०२० पासून ७.१ टक्के व्याज, वर्षाला ५०० पासून दीड लाखापर्यंत. महिन्याला २,००० टाकले तर याच दराने पंधरा वर्षांत ३ लाख ६० हजारांचे सव्वासहा लाखांच्या पुढे जातात, आणि व्याजावर कर नाही.

हा करमाफीचा मुद्दा गृहिणीसाठी मोठा आहे. ‘एफडी बायकोच्या नावावर टाक, कर वाचेल’ असं कट्ट्यावर हमखास ऐकायला मिळतं. वाचत नाही. नवऱ्याने दिलेल्या पैशांवर बायकोला मिळणारं व्याज आयकर कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतो. पीपीएफचं व्याज मुळातच करमुक्त असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. तरीही एफडी बायकोच्या नावाने करावी असं मला वाटतं. कर जाईल तो जाईल, पैसा तिच्या सहीने निघेल.

भिशीबद्दल बायकांना काही सांगायला गेलं की राग येतो, म्हणून थोडक्यात. भिशी खर्चासाठी चांगली; फ्रिज येतो, मुलीची फी भरली जाते. वीस वर्षांनंतरचा पैसा तिथे ठेवू नये. पतसंस्थेत एक-दोन टक्के जास्त मिळतात हे खरं, पण बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत जे विम्याचं संरक्षण आहे ते पतसंस्थेला नाही. जिल्ह्यात ठेवी अडकलेल्या आजींना विचारा, त्या जास्त नीट समजावतील.

दुकानदाराच्या, ठेकेदाराच्या बायकोसाठी आणखी एक कागद मोलाचा आहे. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा अजून लागू आहे. नवऱ्याने आयुर्विमा घेताना या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावाने घेतला, तर त्या पैशांवर त्याच्या सावकारांना किंवा बँकेला हात टाकता येत नाही. धंदा बुडाला तरी ते पैसे सुटतात. एक जादा फॉर्म आहे, पण तो पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर नाही.

सातबारा आणि फ्लॅट

शेतकऱ्याच्या घरात पेन्शन म्हणजे जमीन. २०१९ च्या किसान मानधन योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याबरोबर त्याची बायकोही वेगळा हप्ता भरून स्वतःची ३,००० ची पेन्शन बांधू शकते, पण मुख्य सवाल सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का हाच. हा सवाल नाशिक जिल्ह्यातच मोठ्याने विचारला गेला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं, बायका लाखांच्या संख्येने आल्या. त्यातूनच पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९२ साली राज्य सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. चांदवडला चाळीस वर्षं होत आली, आणि द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या किती बायकांची नावं आज उताऱ्यावर आहेत, ते ज्याने त्याने आपल्याच घरचा उतारा काढून पाहावं.

शहरात तेच फ्लॅटचं. सिडकोतलं घर एकट्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने ते एकट्या बायकोचं होत नाही. मुलगा, मुलगी, बायको आणि त्याची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांना सारखा वाटा. दोन मुलं आणि सासू असली तर बायकोच्या वाट्याला येतं एक चतुर्थांश. सोसायटीत किंवा बँकेत ती नॉमिनी असली तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. नाहीतर हयातीतच बक्षीसपत्र: महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. घर नव्याने घेत असाल तर फक्त बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवरा सहमालक झाला की ती जाते.

आता उलट बाजू. नवऱ्यामागे घर आईच्या नावावर येतं आणि वर्षभरात मुलं म्हणतात, ‘आई, सही कर, पुढे कटकट नको.’ सही करायचीच असेल तर बक्षीसपत्रात ‘मुलाने आयुष्यभर सांभाळ करावा’ ही अट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, सांभाळ केला नाही तर असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. याच कायद्याखाली मुलांकडून दरमहा निर्वाहभत्ताही मागता येतो. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, वकील लागतोच असं नाही.

ज्यांच्यामागे कुणीच नाही आणि हाती काहीच नाही, अशा विधवा, परित्यक्तांना ६५ पर्यंत संजय गांधी निराधार आणि त्यानंतर श्रावणबाळ योजना, महिन्याला १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची आहे, म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत. त्यावरून ही योजना कुणासाठी आहे ते समजा.

सत्तरी पूर्ण झालेल्या बाईला, घरात कितीही उत्पन्न असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च मिळतो. इथे नवऱ्याचा कागद लागत नाही. तिचं आधार कार्ड पुरतं, फक्त त्यावरची जन्मतारीख बरोबर असायला हवी. आपल्या आयांच्या पिढीत ती बऱ्याचदा शाळेत घालताना अंदाजे ठोकलेली असते, नाहीतर आधारवर नुसती १ जानेवारी पडलेली असते. तेव्हा कार्ड काढायला निघण्याआधी ती तारीख एकदा बघून घ्या.